ओवाळणीचं ताट आणि पिवळी गाडी

वंदनाबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली, त्यांच्यावर अंक निघतोय, त्यात मीही चार ओळी लिहाव्यात असा निरोप आला. आनंदात गॅसवरची वांग्याची भाजी लागली. मग लिहायला बसले नि मान खाली गेली. का, ते सांगते.

बाईंची पहिली ओळख आमच्या ओट्यावरच झाली. मे महिना, आणि धरणगावचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. बाई मूळच्या पहूरच्या, आमच्या गल्लीतल्या सरकारी शाळेत नव्या मुख्याध्यापिका म्हणून आलेल्या. शाळेसाठी घरोघर पोरं मागत फिरत होत्या. मी म्हटलं, "बाई, आधी पाणी प्या."

"पिते अक्का, पण पोरगं द्याल ना?"

नात तेव्हा पाळण्यात. मी हसून शब्द दिला, "मोठी झाली का तुमचीच."

मोठी झाली तेव्हा मुलगा म्हणाला, "माय, जमाना इंग्लिशना शे. बठ्ठी गल्ली धाडी राह्यनी, आपुनच मांगे ऱ्हावानं का?" सारी गल्लीच पोरं तिकडे पाठवत होती; नातीचं नाव मीही इंग्रजी शाळेत घालू दिलं.

शाळा उघडते त्या दिवशी नव्या पोरांना ओवाळायला बाई दरसाल मलाच बोलवायच्या. त्या वर्षी मी फाटकात लोकांची पोरं ओवाळत होते नि समोर माझी नात इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीची वाट बघत उभी. तिनं तिकडूनच हाक मारली, "आजी, माले कोन ओवाळी?"

मी ताट धरून फाटकातच उभी. बाईंनी माझ्या हातातलं ताट घेतलं, रस्ता ओलांडला, तिला कुंकू लावलं, ओवाळलं, गूळ भरवला, गाडीत बसवून परत आल्या. ताट पुन्हा माझ्या हातात दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं नातीला अपूर्णांक उमगेनात. ती संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर जाऊ लागली. बाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मोडून शिकवायच्या. "अगं, पाव भाग खाल्लास, आता उरलं किती?" "बाई, अजून भूक!" गल्लीतल्या कितीतरी पोरांची शाळा तिकडे नि शिकणं बाईंकडे. बाईंनी कुणाकडून काही घेतलं नाही.

नात शिष्यवृत्तीत आली, त्या इंग्रजी शाळेनं चौकात तिचा मोठा फोटो लावला. इकडे बाईंच्या शाळेत पोरं इतकी कमी झालेली की सहावीचा वर्ग राहतो का जातो अशी गत. भाजी घेऊन जाताना बाई फोटोपुढं थांबल्या. "अक्का, वेणी कुणी घातली? छान दिसतेय." मुलगा माझ्या शेजारीच होता. त्याला बाईंकडे बघवेना.

तोवर बाई निवृत्तही झाल्या होत्या. पगार थांबला, मे महिन्यातलं फिरणं थांबलं नाही. यंदा पुन्हा ओट्यावर आल्या. मी तोंड उघडायच्या आत मुलगाच नातीला पुढं करून म्हणाला, "बाई, हिचं नाव सहावीत टाका." बाईंचा पाण्याचा पेला हातातच राहिला.

मला मात्र रडू आलं. दिलेला शब्द पाळला, तो बाई मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उतरल्यावर.

बाई, तुम्हाला भरपूर वर्षं मिळोत, गुडघे शाबूत राहोत, आणि फाटकातली रांग पार कोपऱ्यापर्यंत गेलेली तुमच्या डोळ्यांनी दिसो. येत्या जूनला ताट तुम्हीच धरा. मी ओवाळायला नाही, पोरगी घेऊन रांगेत उभी राहणार आहे.