सासूबाईंनी उलटा फिरवलेला रस्ता

स्पेनला सायकली घेऊन जायचं आमचं तिघांचं ठरलं होतं. तिघं म्हणजे मी आणि नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या माझ्या ऑफिसातले दोन मित्र. सपाट रस्त्यांवर इतकी वर्षं सायकल मारून आम्हाला एकदा खरा चढ चढायचा होता. पण एकाच्या घरी नेमकं त्याच सुमाराला बाळ येणार असल्याचं कळलं आणि दुसऱ्याने बॅडमिंटन खेळताना गुडघा दुखावून घेतला. मी एकटाच उरलो. बायकोची सायकल फक्त स्टेशनपर्यंत जाते. "मी गाडी चालवीन, सामान आणीन," ती म्हणाली, "पण डोंगर वगैरे माझ्याकडून होणार नाही."

सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या. त्या वाईच्या. सासरे गेल्यापासून दर उन्हाळ्यात येतात. पहिल्या वर्षी त्यांनी लेकीची सायकल "जरा बघते" म्हणून बाहेर काढली आणि दोन तासांनी तुर्की दुकानातल्या कोथिंबिरीच्या जुड्या हँडलला लटकवून परत आल्या. त्या दिवसापासून घरातली भाजी त्याच आणतात. मागच्या चाकात अडकू नये म्हणून ओढणीला पोटाशी गाठ मारतात आणि कालव्याच्या कडेने ताठ बसून जातात.

एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मार्ग आखत होतो. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी सहकारी स्पेनच्या आतल्या भागातली. तिच्या आजोळची पाच-सहा दगडी गावं, मधे ओक आणि चेस्टनटची जंगलं, असा गोल फिरून परत तिथेच येणारा मार्ग तिने सुचवला होता. "फार अवघड नाही, पण सहलही नाही," ती म्हणाली होती. सासूबाई समोर बसून शेंगा निवडत होत्या.

"हे करवतीसारखं काय आहे?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"चढ-उतार आहेत, आई. इथे चढ, इथे उतार."

"पसरणी घाटाएवढा?"

"त्याच्या निम्मासुद्धा नाही."

त्या थोडा वेळ शेंगा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण पसरणीने पाचगणीला गेलो होतो. अर्धा घाट सायकली ढकलत. येताना ब्रेक दाबून दाबून बोटं वळेनात." आणि शेंगांवरची नजर न काढता पुढे म्हणाल्या, "तुमच्याबरोबर कोणी नाहीये ना आता?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आईला ने ना."

"अगं, पण..."

"पण काय? मी गाडी घेऊन जवळपास असेनच."

त्यांच्या वाईच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्यांनी सगळे रिपोर्ट पाहिले, हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या. दम लागला की थांबायचं, एवढं कबूल करून घ्या." सासूबाईंनी कबूल केलं.

मग आमचं दोघांचं नियोजन सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की मी आतापर्यंत नुसती रेघ ओढत होतो. त्या विचारायच्या, या गावात पाणी कुठे मिळेल? बायकांना जायला जागा आहे का? दुपारी उन्हात नेमकं कुठे असू? सहकारिणीने सांगितलं की प्रत्येक गावात चौकाजवळ पाण्याचा नळ असतो, पण दुपारी जेवणानंतर गावं दारं लावून झोपतात. ते ऐकल्यावर सासूबाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"मोठा चढ तुम्ही जेवणानंतर ठेवलाय. भर उन्हात, आणि गाव झोपलेलं. मार्ग उलटा फिरवा. सकाळी चढायचं, वरच्या गावात जेवायचं, मग उतरायचं."

मी उलटा फिरवला. करवत तीच, पण सगळं सोपं दिसायला लागलं.

भांडण झालं ते मोटरवरून. त्यांच्यासाठी मोटरची माउंटन बाइक भाड्याने घेऊ म्हटल्यावर त्या दुखावल्या. "मोटरच लावायची तर गाडीत बसते की." दोन दिवस विषय बंद. मग आम्ही शहराबाहेरच्या जंगलातल्या मातीच्या वाटांवर सरावाला गेलो. तिथे चढ नव्हता, पण वाळू होती. सासूबाई वाळूत रुतल्या आणि हळूच, जणू बसायचंच होतं अशा, आडव्या झाल्या. मी धावलो. त्या झाडांकडे बघत हसत होत्या. "मोटर घ्या," म्हणाल्या. "पण चालू कधी करायची ते मी ठरवणार."

जूनमध्ये आम्ही गेलो. सकाळच्या गारव्यात चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात धापा मी टाकत होतो. त्यांनी मोटर पहिल्याच वळणावर चालू केली होती, मला न सांगता. वरच्या गावात पोचलो तर त्या नळाखाली हात धरून, हेल्मेट काढून उभ्या होत्या आणि काळा गाऊन घातलेली एक आजी त्यांना चेरी देत होती. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. मला बघून आजीने काहीतरी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "जावई," आणि छातीवर हात ठेवला.

जेवणानंतरचा उतार दगडांचा होता. मी त्यांच्या पुढे राहून कुठे ब्रेक दाबायचा ते ओरडून सांगत होतो. पुढच्या गावाच्या वेशीवर त्या थांबल्या, पाय टेकला आणि म्हणाल्या, "बास. मला दम लागलाय."

अजून दोन गावं राहिली होती. आम्ही चर्चच्या सावलीत बसलो. मी बायकोला फोन केला.

"तुम्ही जा पुढे," त्या म्हणाल्या. "इतके दिवस आखलंय. पूर्ण करा."

"एकट्याने काय मजा आहे, आई?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग सांगितलं की लग्न ठरल्यावर त्यांची सायकल धाकट्या भावाला दिली होती. कोणी सक्ती केली नव्हती, त्यांनीच दिली होती. "तेव्हा वाटलं, आता कुठे लागणार आहे."

बायको आली तेव्हा त्या दगडी बाकावर भिंतीला टेकून झोपल्या होत्या. ती हलक्या पावलांनी जवळ गेली, आईच्या गुडघ्यावरची धूळ झटकली आणि मला खुणेनेच विचारलं, "ठीक?"

मी मान हलवली. मग दोन्ही सायकली गाडीवर चढवल्या, आणि त्या जाग्या होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उरलेल्या चेरी खात बसलो.