पंख्याच्या मोटरचा कपॅसिटर

त्या फिटरला सगळे भाऊ म्हणत. मीही म्हणायचे, पण मनातून एकदाही नाही. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी विजेच्या कामाची सुपरवायझर म्हणून लागले, तेव्हा तो तिथे पुरता मुरलेला होता. पहिल्याच दिवशी माझ्यादेखत तो हमालांना म्हणाला, "आते हाई पोर आमले शिकाडी!" सगळे हसले. शेठही.

पुढे मिलचा पॉवर फॅक्टर घसरला. मोटरी कामापुरत्या करंटपेक्षा बराच जास्त करंट ओढत होत्या, त्यावर तो जादा करंट जागेवरच पुरवणारे कपॅसिटर बसवायचं ठरलं. कोणत्या मोटरला केवढा, ते मी मोजून कागदावर लिहून दिलं. धूळ ओढणाऱ्या मोठ्या पंख्याच्या मोटरला मुद्दाम लहान सांगितला होता. आठवड्याने पाहते तर त्याने तिथे दुप्पट बसवलेला.

"भाऊ, हा मोठा झाला. वीज बंद झाल्यावर पंखा फिरत राहतो. एवढा कपॅसिटर असला तर मोटर स्वतःच वीज तयार करेल."

"माले बठ्ठं माहीत शे," तो म्हणाला. "जितला मोठा तितला चांगला. तू पुस्तक वाच."

मी शेठकडे गेले. ते म्हणाले, "भाऊंना अनुभव आहे, ताई. जुळवून घ्या."

एका दुपारी वीज गेली. मिल शांत झाली, पंखा मात्र आपल्याच वजनाने घरघरत फिरत राहिला. त्याच्या पॅनलवरचा लाल दिवा विझायच्या ऐवजी भगभगला आणि फट्‌कन फुटला. भाऊ पॅनल उघडायला धावला.

"हात लावू नका! पंखा थांबू द्या!" मी ओरडले.

"लाइट गयी ना! काय भ्यास?" असं म्हणत त्याने पेचकस आत घातला. निळा भडका उडाला आणि तो मागच्या पोत्यांवर जाऊन आदळला. उजव्या हाताची बोटं भाजली होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. नंतर मी धावले, रिक्षा बोलावली, पण आधी बरं वाटलं.

दवाखान्यातून त्याने शेठकडे सगळं माझ्यावर ढकललं, चूक म्हणे माझ्या हिशेबाची. मी माझा कागद शेठच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "आता बाहेर वाच्यता नको." तेव्हा भाऊपेक्षा त्यांचाच राग जास्त आला. कपॅसिटर मी स्वतः उतरवला आणि लहान बसवला.

भाऊ महिन्याने परत आला. आम्ही आणखी दीड वर्ष एकाच छताखाली काढलं, एकमेकांशी एक शब्दही न बोलता. मग मला धुळ्याला नोकरी लागली. निघताना बाकीच्यांनी चहा दिला. तो त्या वेळी मोटरला ग्रीस लावत बसला होता, पाठ माझ्याकडे करून. मीही हाक मारली नाही.