पुट्टीखालचा पत्रा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजमधल्या कुणाला नाही. आणि सांगण्यासारखं तरी काय आहे त्यात? खून नाही, चोरी नाही. एक वाक्य आहे फक्त — पण ते आठवलं की आजही मला स्वतःची शिसारी येते.

रबाळ्याच्या एका गॅरेजमध्ये मी गाड्यांचे पत्रे जोडतो. हे काम मला किसनकाकांनी शिकवलं. मूळचे परभणीकडचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. गाडीचा पत्रा पातळ असतो. सलग वेल्डिंग करत गेलात की तापतो, ताणतो आणि भाजलेल्या पापडासारखा वेडावाकडा होतो. म्हणून काका एक टाका इथे मारायचे, दुसरा वीतभर लांब, तिसरा पार दुसऱ्या टोकाला. मधे हातमोजा काढून उघडा तळवा पत्र्यावर टेकवायचे. तळवा निवांत टेकला तरच पुढचा टाका. चटका बसला तर थांबायचं. एका जोडाला अर्धा दिवस जायचा, पण काकांचा पत्रा कधी वाकला नाही. केवढा अभिमान होता त्यांना त्याचा! आणि मला? मला त्या थांबण्याचा कंटाळा यायचा.

तर — एका पांढऱ्या गाडीचं मागच्या चाकावरचं पॅनेल होतं. वरची बाजू काकांनी जोडली. वस्तीतल्या जयंतीचा मंडप त्यांच्याकडे होता, म्हणून ते दुपारीच निघाले आणि खालची बाजू माझ्यावर सोपवली. जाताना म्हणाले, "घाई करू नको बाबा. हात टेकीव आन् मंगच पुढं जा."

संध्याकाळी मॅच होती. हे कारण आहे बघा — मॅच! घरी कुणी आजारी नव्हतं, शेठ डोक्यावर उभे नव्हते. मी वेल्डिंगची गन लावली आणि एका दमात टोकापर्यंत ओढत नेली. पत्रा डोळ्यांदेखत फुगला. ठोकून सरळ करायला गेलो तर आणखी बिघडला. फुगवट्याची लाट वर काकांच्या भागातही शिरली. मग काय केलं मी? ग्राइंडर फिरवला, वरून जाड पुट्टी थापली, घासून गुळगुळीत केली. दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा गाडी रंगाला गेली होती.

काही महिन्यांनी पुट्टीला तडे गेले आणि गाडी परत आली. शेठनी सगळ्यांसमोर पुट्टी खरवडली. खालचा लाटेसारखा वाकलेला पत्रा उघडा पडला. कोणाचं काम हे, शेठनी विचारलं. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. काका पुढे झाले, त्या लाटेवरून बराच वेळ बोटं फिरवली आणि म्हणाले, सुरुवात माझी होती, माझ्याच टाक्यांनी ओढला असेल. ते मला वाचवत नव्हते. वरचा भाग त्यांच्या हातचा, तोही वाकलेला — त्यांना खरंच तसं वाटलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर निदान नुसता भेकड म्हणून सुटलो असतो. पण दुपारी डबा खाताना त्यांनी मला हळूच विचारलं, "माझा हात गेला का रं?"

खरं बोलायला याहून सोपी वेळ कुठली? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात माया आणली. आणि म्हणालो, "वय झालं काका आता. होतं असं."

माया आणली — कळतंय ना तुम्हाला? नुसतं खोटं बोललो असतो तरी परवडलं असतं.

काकांनी त्यानंतर गन हातात धरली नाही. शेठ काही बोललेही नव्हते, तरी महिन्याभरात त्यांनी आपणहून काम सोडलं. आता ते सानपाड्याला एका सोसायटीत वॉचमन आहेत. त्यांच्या जागी मी आहे.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. सोसायटीच्या गेटची बिजागरी तुटली होती. काका पूर्वी वेल्डर होते हे तिथे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सेक्रेटरी त्यांनाच म्हणाले, जोडून टाका. काकांनी नकार दिला, आपल्या हाताचा भरवसा नाही म्हणाले आणि मला बोलावलं. मी मशीन घेऊन गेलो. जाड लोखंड, पाच मिनिटांचं काम. काकांनी डोळे मिटून केलं असतं. ते शेजारी उभे राहून जमलेल्या लोकांना सांगत होते — हा माझ्याकडे शिकला, पण माझ्याहून सरस निघाला. काम झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

मी थोपटू दिली.