कौसाबाईंची शेवटची ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती माझ्या बहुतेक लबाड्या मी करण्याआधीच ओळखते.

आखाडा बाळापूरच्या व्याख्यानमालेत मला बोलावलं होतं. विषय मीच सुचवला: प्राचीन चीनमधली एक गणिका, जी मोठी कवयित्री होती. तिचं नाव इथं लिहीत नाही; तिच्या तोंडी मी जे घातलं, त्यानंतर तो हक्क मला उरला नाही. आपल्या भागात चिनी कवितेत माझी चूक काढणारं कोण भेटणार — हाही विचार होता. खरं तर तोच होता.

अडचण एकच. इंग्रजीवरून केलेली माझी भाषांतरं अगदीच कोरडी उतरली होती. टाळी घेईल असं त्यांत काही नव्हतं. आणि टाळी मला हवी होती. सत्कारसमारंभांची टिंगल करण्यात आयुष्य गेलं माझं — पण शाल आपल्याच खांद्यावर पडणार असली, की माणूस मान कशी आपोआप पुढं करतो, पाहिलंय कधी?

मग मला कौसाबाई आठवल्या. बाळापूरच्याच. तरुणपणी संगीतबारीत गायच्या, लावण्या स्वतः रचायच्या. उतारवयात बाजारात बांगड्या विकायच्या. प्राध्यापक झालो तेव्हा त्यांच्यावर लेख लिहायचा म्हणून मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी चहा केला, एक लावणी म्हटली. लेख मी लिहिला नाही — बारीतल्या बाईवर लिहिलं तर कॉलेजात काय म्हणतील? लावणी मात्र पाठ राहिली:

कयाधू उतरली, वाट उघडली, तरी सजण का येईना
पैलतीराचा दिवा दिसतो, हात दिव्याला जाईना

‘कयाधू’ हे आपल्या नदीचं नाव काढून मी ‘नदी ही’ घातलं. झाली चीनची कविता! राहिली शेवटची ओळ. लावणीच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं असतं. कौसाबाईंनीही गुंफलं होतं. ती ओळ मी कापली.

व्याख्यान रंगलं. समई तीनदा विझली, अध्यक्षांनी कवयित्रीला ‘चायनाची थोर समाजसेविका’ करून टाकलं, पण लोक ऐकत होते. तिच्या बहुतेक कविता हरवल्या, हे सांगताना मी हळहळलो — खरंच हळहळलो, हेच वाईट. मग त्या दोन ओळी म्हटल्या. टाळ्या थांबेनात.

गर्दी पांगताना मागच्या रांगेतून कौसाबाई पुढं आल्या. त्या आल्या असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. का आलं नव्हतं?

“सर, आखरीची ओळ म्हणली न्हाई तुमी.”

अध्यक्ष हसले. “काहून, कौसाबाई? तुमी कदी जाऊन आल्या चायनाला?”

सगळे हसले. मीही.

“मी कुटं जाते? सरच आलते माह्या घरी. सर, सांगा की या लोकायला.”

सगळे माझ्याकडं पाहत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी शाल सावरली आणि म्हणालो, “मूळ कविता तेवढीच आहे, बाई.”

त्या जायला वळल्या. “असंल. तिकडं बी असंल एखादी कौसा.” आणि निघून गेल्या.

त्या ओळी पुढं स्मरणिकेत छापून आल्या, चिनी कवयित्रीच्या नावानं. शाळेतल्या पोरी महिला दिनाला त्या म्हणतात. मी दरवेळी ऐकतो आणि मान डोलावतो.

गेल्या वर्षी कौसाबाई वारल्या. अध्यक्ष तेच, शोकसभा त्यांनीच भरवली. बोलायला मी उभा राहिलो. आता तरी — असं वाटलं होतं? वाटलं होतं. आणि मी म्हणालो, “दुर्दैवानं त्यांच्या रचना जपल्या गेल्या नाहीत.” ‘गेल्या नाहीत’ — जणू आपापल्या पायांनी कुठं निघून गेल्या.

बारीतल्या बाईचं नाव माझ्या नावाशेजारी नको होतं, आणि तिची कविता हवी होती. दुसरं कारण नाही.

सजणासाठी झुरणारी बाई म्हणून ती कविता आता सगळ्यांना पाठ आहे. कौसाबाईंनी तसं लिहिलंच नव्हतं. त्यांची शेवटची ओळ अशी होती:

कौसा म्हणे, लई पाहिली, वाट कुणाची पाहीना.