शुक्रीकाकीची अर्धी भाकर

मी रघ्या, पाड्यावर उपासना घेणारा. उधव्यात आमच्या पाड्यावर ख्रिस्ती घरं सतरा आणि मंडळ्या, म्हणजे चर्च, दोन. दोन कशा झाल्या ते ऐकून तुम्ही हसाल. हसा. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून आम्ही भाकर आणि द्राक्षरस घेतो, ते प्रभुभोजन. करोनात त्याला एकाच पेल्यातून रस प्यायचं बंद झालं आणि प्लास्टिकचे छोटे कप आले. करोना गेला तरी माझा चुलतभाऊ मुकेश कप काही सोडेना. मी म्हटलं, प्रभूने एकच पेला फिरवला होता. तो म्हणाला, तिथे कोणी खोकत नव्हतं. झालं, माझं डोकंच फिरलं. तो आपली माणसं घेऊन ओढ्यापलीकडे उपासना घ्यायला लागला. चार वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

शुक्रीकाकी मात्र सकाळी आमच्यात बसायची, दुपारी त्यांच्यात. विधवा बाई, चिकूच्या वाडीत मजुरी करणारी. वाचता येत नाही, पण गाणी सगळी पाठ. प्रभुभोजनाची तांदळाची भाकर पहिल्यापासून तीच भाजते.

"काकी, कुठलीतरी एक मंडळी धर," मी एकदा चिडून म्हणालो.

"पाय माझे दुखतात, तुला काय त्रास?" असं म्हणून ती चालू लागली.

आमच्याकडे तिची भाकर यायची ती अर्धीच. मला वाटायचं, म्हातारी हात आखडते. तसं तोंडावर बोललोसुद्धा. "पुरते ना?" एवढंच म्हणाली. पुरायची, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात काकीच्या पोटात गाठ निघाली. डहाणूला ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी तिची सून संगिता निरोप घेऊन आली, की आईला जायच्या आधी प्रभुभोजन घ्यायचंय. मी पेला पुसून ताठ मानेने निघालो. जाऊन बघतो तर ओट्यावर मुकेश, मांडीवर कपांचा डबा. काकीने दोघांनाही बोलावलं होतं. लबाड बाई.

पुढ्यात भाकर होती, अख्खी.

"आज अख्खी?" मी विचारलं. मुकेशनेही नेमकं तेच विचारलं.

"दर वेळी अख्खीच भाजते," काकी म्हणाली. "मोडून अर्धी तुला देते, अर्धी त्याला. दोन भाजायला माझा हात धजला नाही."

म्हणजे चार वर्षं मी तीच भाकर हातात धरून 'आपण सर्व एक शरीर आहोत' असं म्हणत होतो आणि ओढ्यापलीकडे हाही तेच म्हणत होता. माझे कान तापले.

काकीचा हात पोटावर होता. ती घाबरली होती, ते दिसत होतं.

"उद्या गेले की परत येईन, न येईन," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, येशू कोणासाठी मेला?"

"आपल्यासाठी," मी पटकन म्हणालो. इतकं तर पोरांनाही येतं.

"आपल्यात मुकेश येतो का रे?"

मी लोकांना पंधरा वर्षं शुभवर्तमान सांगतोय. पण त्या एका प्रश्नाला 'येतो' म्हणायला माझी जीभ उचलेना. लाज वाटली मला, फार लाज वाटली. मुकेश खाली मान घालून बसला होता, त्याचेही डोळे भरले होते.

"येतो," मी म्हणालो. मग मुकेशसमोर गुडघे टेकले आणि दोन्ही हात पुढे केले. "आधी तू मोड. मी तुझ्या हातून घेतो."