लागला होता, न्हाई लागला

सुजाताचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. सुजाता म्हणजे लिंबाजीची थोरली. "काका, बाबा गेले," एवढंच बोलली. शेंगा परातीत तशाच राहिल्या... खरं म्हणजे मला ते आधीच कळलं होतं. थोड्याच दिवसांपूर्वी लातूरच्या दवाखान्यात त्याला बघून आलो होतो. नाकात नळ्या, बोलणं बंद. मला बघितलं अन् त्यानं उजवा हात कोपरापासून हळूच वर उचलला. नर्सबाईला वाटलं पाणी मागतोय, ती धावली. मी म्हणालो, "बाई, पाणी न्हाई मागत तो, माझ्याशी भांडतोय." अन् त्याच्याकडं बघून मान हलवली, न्हाई म्हणून. तो डोळ्यांत हसला. कबड्डीत समोरच्या गड्याचा हात आपल्याला लागला की आपण बाद, अन् बाद झालो की हात वर करायचा. एका सामन्यात मला असा हात लागला होता, हे त्याचं म्हणणं. न्हाई लागला, हे माझं. चाळीस वर्षं हेच चाललं. जयभीम-रामराम आमच्यात झालाच न्हाई. भेटलो की तो म्हणायचा, "लागला होता रे माणक्या," मी म्हणायचो, "न्हाई लागला, लिंब्या." मग चहा.

लोक त्याला लिंबाजी सर म्हणून ओळखतात, कबड्डीचे प्रशिक्षक. त्याच्या हाताखालची किती पोरं पोलिसात गेली, किती रेल्वेत लागली, ते छापून आलंय. हे सगळं सुरू कुठं झालं ते कोणी छापलं न्हाई, म्हणून मी सांगतो. माझी शाळा तिसरीपर्यंतच, पण बघितलेलं मला सांगता येतं. बहात्तरच्या दुष्काळात चाकूरजवळच्या आमच्या गावाला पाझर तलावाचं काम निघालं. सगळं गाव मातीवर. खड्ड्यापासून बांधापर्यंत माणसांची ओळ, अन् घमेलं या हातातून त्या हातात. लिंबाजी बौद्धवाड्यातला, मी पाटलाच्या गल्लीतला. पण मुकादमानं उभं केलं तसं उभं राहायचं, म्हणून तो माझ्या डाव्या अंगाला. दिवसभर त्याच्या हातातलं घमेलं माझ्या हातात. एक दिवस तो म्हणाला, "बघ माणक्या, एकाचं ध्यान गेलं की घमेलं पडतंय. कबड्डीची साखळी अशी पाहिजे." मी म्हणालो, "पोटात सरकारी सुकडी अन् डोक्यात कबड्डी!" पण सांजच्याला काम सुटलं की आम्ही तलावाच्या बुडातच खेळायला लागलो. खणलेली मऊ माती, पडलं तरी लागत न्हवतं. साखळी धरायची म्हणजे एकमेकांचा हात धरायचा. चुलत्यानं मला बांधावरून बघितलं अन् घरी आल्यावर म्हणाला, "त्याचा हात धरून नाचतोस व्हय रे?" मी म्हणालो, "दिवसभर त्याच्या हातातलं घेतोय ते चालतंय, अन् सांजच्याला बाटतंय का?" त्या दिवशी मी उपाशी झोपलो, पण दुसऱ्या दिवशी परत तलावात. पुढच्या साली तलाव भरला अन् आमचं मैदान पाण्याखाली गेलं. लिंबाजी बांधावर उभा राहून हसला, "गावाला पाणी आलं, आपलं घर गेलं."

गुडघा गेला तसा तो खेळायचा थांबला अन् शिकवायला लागला. त्याची रीतच निराळी. कोपऱ्यातल्या जोडीचे दोन हात गमजानं एकत्र बांधायचा अन् त्यांना आडावर पाणी शेंदायला लावायचा. एकानं ओढ घेतली, दुसऱ्यानं न्हाई, की बादली आडात. शिव्या कधी दिल्या न्हाईत, नुसता बघत राहायचा, अन् ते बघणं शिवीपेक्षा वाईट. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच बजावायचा. लागलं असंल तर पंचाची वाट न बघता आपण होऊन हात वर करायचा. म्हणायचा, "पंचाला दोनच डोळे हायत, आपण सात जण, आपले चौदा." तेव्हा आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. जिल्ह्याचा संघ त्याच्याकडं आला, अन् आमच्यात कळंबचा बशीर होता, चढाईला असा गडी पुन्हा बघितला न्हाई. वारा आल्यासारखा यायचा अन् कोणाला तरी घेऊन जायचा.

मग लातूर जिल्हा झाला. गुलाल उडाला, पेढे वाटले, आम्ही बी नाचलो. दुसऱ्या दिवशी कळलं की आमचा संघ मधोमध कापला गेलाय. बशीर तिकडं राहिला, मी इकडं आलो. नव्या जिल्ह्याचा पहिला मोठा सामना पडला तो जुन्या जिल्ह्याशीच. पुढारी मंडळींनी लिंबाजीला बोलावून सांगितलं, "मास्तर, एवढा जिंका, मग जिल्ह्याचा शिकवणारा म्हणून तुम्हाला पगारावर कायम करतो." लिंबाजी तेव्हा पत्र्याच्या खोलीत राहायचा. सुजाता रांगत होती, बायको दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. सामन्याच्या सकाळी मला म्हणाला, "माणक्या, आज कोपरा सोडू नको. आज माझं घर तुझ्या कोपऱ्यात हाय." हे वाक्य मी त्याला पुढं कितीदा तरी ऐकवलं.

गुण बरोबरीत. शेवटची चढाई, बशीर आला. माझ्याकडं वळला, मी अंग चोरलं, त्याचा हात माझ्या पाठीमागून गेला, तो रेष ओलांडून परत. पंचानं हात आडवा हलवला, गुण न्हाई. आमची माणसं ओरडायला लागली... अन् मैदानाबाहेर, आमच्याच बाजूला, एक हात वर गेला. लिंबाजीचा. "पंच, माझा गडी बाद हाय." पंचानं मला विचारलं. मी म्हणालो, न्हाई लागला. पंच म्हणाला, "अहो, खुद्द तुमचा मास्तर सांगतोय." शिट्टी वाजली. एका गुणानं गेलो.

पगाराचं नाव परत कोणी काढलं न्हाई. गावात तर निराळंच उठलं. पारावर एकजण म्हणाला, "त्यानं मुद्दाम केलं बघ. पाटलाच्या पोराला चारचौघांत खाली बघायला लावलं." मी तिथंच उभा होतो. मी म्हणालो, "त्याची नजर चुकली, नियत न्हाई. पुन्हा असं बोललास तर पारावरून खाली घेईन." लोकांना कळंना, हा त्याच्या बाजूचा का विरोधातला. मला तरी कुठं कळत होतं. मला एवढंच माहीत होतं की मला लागला न्हवता, अन् लिंब्या खोटं बोलत न्हाई. दोन्ही खरं. चाळीस वर्षं मी दोन्ही धरून बसलो.

त्या हाताची गोष्ट नांदेडपर्यंत गेली. तिथल्या एका गिरणीचा साहेब म्हणाला, जो माणूस आपल्याच संघाविरुद्ध हात वर करतो, त्याच्या हाती आमच्या संघाची पोरं द्यायला हरकत न्हाई. लिंबाजी पगारावर लागला. गोदावरीकाठच्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ पोरं खेळवायचा. पत्र्याच्या जागी विटा आल्या. गिरणी बंद पडली तर अर्धापूरला गेला, केळीच्या बागांमधल्या एका शाळेत पोरींचा संघ उभा केला. बापलोक म्हणाले, पोरी चड्डीवर खेळणार न्हाईत. हा म्हणाला, "सलवारीवर खेळतील, पण खेळतील." मी एकदा बघायला गेलो. एका पोरीला निसटता हात लागला, पंचाला दिसला न्हाई, तिनं आपण होऊन हात वर केला अन् बाहेर येऊन बसली. लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "तिला लागला होता. मला न्हाई." पोरी खी-खी हसल्या, त्यांना आमची गोष्ट पाठ होती.

एकदा एस.टी.त शेजारी बसून मी त्याला नीट विचारलं होतं, "लिंब्या, त्या दिवशी हात खाली ठेवावा असं वाटलं न्हाई का रे? घरात पोरगी रांगत होती..." तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "लई वाटलं. पण दिसलं ना मला. आता डोळ्याला काय सांगू?"

लिंबाजीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चाकूरला मांडव माणसांनी भरला होता. वंदना झाली, मग एकेक शिष्य माईकवर आला अन् प्रत्येकानं तीच गोष्ट सांगितली, वर गेलेल्या हाताची. बाया डोळे पुसत होत्या. माझ्या शेजारी काठी टेकत एकजण येऊन बसला. दाढी पांढरी. "सलाम," म्हणाला, अन् आवाजावरून ओळखलं, बशीर. मग कानाशी आला. "माणिकभाई, एक बात सांगू का? त्या दिवशी लागला न्हवता. हात रिकामाच गेला माझा. तेव्हाच सांगणार होतो, पण आमचे लोक मला खांद्यावर घेऊन नाचायला लागले... आता माईकवर सांगू?"

या शब्दांसाठी मी चाळीस वर्षं थांबलो होतो. अन् बघा, मला रागच आला. मी त्याचं मनगट धरलं. "खाली बस. तुला काय कळतंय?"

"अरे, माझा हात होता ना तो!"

"हात तुझा असंल, पाठ माझी होती. अन् अंगातली बनियन बघितली होतीस का? नव्या जिल्ह्याची म्हणून घाईनं शिवलेली, सगळ्यांना एकाच मापाची. मी वाळलेला गडी, पाठीवर ती पालासारखी फुगायची. कपड्याला लागलं तरी बाद धरतात. निसटत्या बोटाला ते कळंल का? बाजूनं बघणाऱ्याला दिसंल."

बशीर माझ्याकडं बघतच राहिला. "म्हणजे लागला होता, असं म्हणता तुम्ही?"

"मी कुठं म्हणालो? मी म्हणतो, त्याला दिसला असंल."

आमचे आवाज चढले म्हणून सुजाता उठून आली. "काका, आज पण?" मी तिला सगळं सांगून टाकलं, बशीर काय म्हणतो ते बी. ती रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "बाबा असते तर त्यांनीच बशीरकाकांना माईक दिला असता. तुम्ही दोन्ही बाजू लिहा." म्हणून लिहिलं. बशीरची बाजू लिहिली, माझी लिहिली. लिंब्याची लिहायला तो न्हाई.

आता बशीरचा मधूनमधून सांजच्याला फोन येतो. तब्येतीचं विचारतो, पाऊसपाण्याचं विचारतो, अन् शेवटी म्हणतोच, "माणिकभाई, कसम से, लागला न्हवता." मी म्हणतो, "लागला होता," अन् फोन ठेवतो. आतून बायको विचारते, "कोण जिंकलं आज?"

मी म्हणतो, "लिंब्या."