थालीपिठाची भोकं

आम्ही तिघे मित्र वीस वर्षांपूर्वी अजमानला एका खोलीत राहायचो. त्यातला एक अजून अजमानलाच आहे, दुसरा अबुधाबीत अल रीमला आणि मी दुबईत अल बर्शाला. एरवी भेटी होत नाहीत. पण दर थंडीत एका शनिवारी वाळवंटातले मलेहाचे लाल खडक चढायला जायचं, हा नेम. आणि थालीपिठं माझ्याकडून, हाही नेमच. म्हणजे माझ्या बायकोकडून.

यंदा ग्रुपवर तारीख ठरली आणि लगोलग अजमानवाल्याचा मेसेज आला, वहिनींना सांग, माझी दोन एक्स्ट्रा. वहिनी दीड महिन्यापूर्वीच पुण्याला निघून गेल्या होत्या. मुलगी तिथे कॉलेजला गेल्यापासून बायकोचं इथे लक्षच नव्हतं. जाताना म्हणाली, "मला इथे करमत नाही. तुझ्याबरोबर तर मुळीच नाही." परतीचं तिकीट काढलं नव्हतं. आता हे ग्रुपवर काय टाकणार, कपाळ? मी अंगठा टाकून मोकळा झालो.

शनिवारी पहाटे उठून तिने ठेवलेल्या डब्यातली भाजणी काढली. डब्यावर तिच्या अक्षरात नाव होतं म्हणून सापडली. कांदा चिरला, ओल्या फडक्यावर थापलं. पहिलं तव्यावर टाकतानाच मोडलं, दुसरं करपलं. पुढची आठ मात्र अख्खी उतरली. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की फोटो काढून कुणाला तरी पाठवावा. कुणाला, ते सुचेना.

अल रीमवाला मला न्यायला येतो तेव्हा आधी वर येऊन तिच्या हातचा चहा घेतो, मगच निघतो. म्हणून मी आधीच खाली जाऊन गेटपाशी उभा राहिलो. ती झोपलीय, उगाच उठवायला नको, असं सांगितलं. त्याने एकदा वर आमच्या बाल्कनीकडे बघितलं आणि गाडी काढली.

मलेहाला अजमानवाला येऊन थांबलाच होता. लाल वाळू संपली, खडक सुरू झाला, तसा मी मागे पडलो. ते दोघे दहा पावलं पुढे, गुडघ्यांबद्दल आणि मुलांच्या ट्यूशनबद्दल बोलत चालले होते. मला सारखं वाटत होतं, हाक मारावी आणि सांगून टाकावं, अरे, घरी कुणी नाहीये रे माझ्या. पण ज्यांनी आपल्या लग्नात पंगतीत वाढलं, त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लाज वाटते. इतकं एकटं मला रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

वर कड्याच्या सावलीत डबा उघडला. वहिनींच्या हाताला तोड नाही, असं म्हणत अजमानवाल्याने दोन संपवली. अल रीमवाला थालीपीठ उलटंपालटं करून बघत होता. अजमानच्या खोलीत स्वयंपाक त्याच्याकडे असायचा, त्याला त्यातलं कळतं. मग मीही नीट बघितलं. एकाही थालीपिठाला भोक नव्हतं. बायको प्रत्येकाला बोटाने पाच भोकं पाडते आणि त्यांतून तेल सोडते. इतकी वर्षं समोर बसून खाल्ली, पण थापताना आठवलंच नाही. मध्ये सगळी कच्चट राहिली होती. तरी त्याने तीन खाल्ली.

परतताना गाडीत आम्ही दोघेच होतो. रस्त्यावरची नजर न हलवता त्याने विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

सांगायचं तर हीच वेळ होती. अगदी ओठांवर आलं होतं.

"मस्त आहे," मी म्हणालो. "आज जरा घाईत केली तिने."

त्याने रेडिओ लावला. अल बर्शापर्यंत तो चालूच होता.

गेटपाशी उतरलो, दार लावलं. त्याने काच खाली केली.

"पुढच्या वेळी भोकं पाड," तो म्हणाला. "तेल आतपर्यंत जातं."

मी रिकामा डबा धरून उभा राहिलो.

"वर ये," मी म्हणालो. "चहा मीच करतो."

त्याने गाडी बंद केली. लिफ्टमध्ये आठवलं, दीड महिन्यात मी घरात दूधच आणलं नव्हतं.